थंडीतली बाळंतीण

बऱ्हाणपूरकडच्या केळी लावणाऱ्या घरात थंडी पडली की पांघरुणांचा क्रम ठरलेला असतो. आधी केळी, मग म्हैस, मग म्हातारी माणसं, मग पाव्हणे, आणि उरलंच काही तर घरचा कर्ता पुरुष. आमच्या घरचा कर्ता पुरुष मी आहे.

आमचा मळा शाहपूर आणि इच्छापूरच्या मधे, इंदूर-इच्छापूर रस्त्यापासून थोडा आत. मळ्यातच घर. पुढे ओटा, मागे गोठा, बाजूला विहीर आणि चारी अंगांनी केळी. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही आणि बैलांशी लेवा बोली, असा आमचा कारभार. थंडीचंही तसंच. उत्तरेकडून वारं सुटतं, असीरगडाला वळसा घालतं, तापी ओलांडतं आणि आमच्या ओट्यावर येऊन बसतं. तोवर ते 'पश्चिम मध्य प्रदेशातली शीतलहर' असतं. आमचा बांध ओलांडून मुक्ताईनगरकडे गेलं की तेच वारं 'उत्तर महाराष्ट्रातला गारठा' होतं. नाना, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी भोपाळच्या बातम्या बघतात आणि सकाळी आकाशवाणीचं जळगाव केंद्र लावतात. एकाच थंडीत ते दोनदा कुडकुडतात.

कुडकुडण्याचं कारण केळी. हे झाड मूळचं उबदार, दमट मुलखातलं. पारा 12-13 अंशांच्या खाली आला की तिची वाढ मंदावते. 10 च्या खाली गेला की नवं पान टाकायचं ती जवळजवळ विसरते. मुळं अन्नपाणी उचलत नाहीत, पानं पिवळी पडतात, त्यांच्यावर चरका दिसायला लागतो. आणि नेमकं निसवणीच्या वेळी थंडीनं गाठलं तर घड खोडाच्या गळ्यातच अडकतो. बाहेर आलाच तर फण्या वेड्यावाकड्या, फळ भरायला दीड-दोन महिने जास्त आणि सालीवर काळपट छटा. व्यापारी तो घड हातात न घेता नुसता लांबून बघतो, आणि त्या बघण्यातच भाव पडतो.

म्हणून नानांची आई, म्हणजे आमची मोठीमाय, निसवलेल्या केळीला बाळंतीण समजते. कृषी खात्याचे साहेब बांधावर येऊन तापमान, आर्द्रता, पोटॅश असं काय काय सांगून जातात. मोठीमाय पदर तोंडाला लावून सगळं ऐकते आणि ते गेल्यावर म्हणते, "इतकं कशाले बोलाचं? बाळंतीन हाय, ऊब पायजे. संपलं."

आणि खरं सांगायचं तर कृषी खात्याचा सल्ला आणि मोठीमायचं बाळंतपण यांत फरक फक्त शब्दांचा. खातं म्हणतं, घडाला स्कर्टिंग बॅग घाला. मोठीमाय म्हणते, कान बांधा. खातं म्हणतं, बागेभोवती शेवरीसारखं वारा अडवणारं कुंपण करा. मोठीमाय म्हणते, पडदा लावा. खातं म्हणतं, रात्री किंवा पहाटे विहिरीचं पाणी द्या, ते हवेपेक्षा कोमट असतं. मोठीमाय म्हणते, शेक द्या. खातं म्हणतं, निंबोळी पेंड घाला. मोठीमाय त्याला डिंकाचे लाडू म्हणते आणि ते वेळेवर पोचले का, ते रिकामी पोती मोजून तपासते. खातं म्हणतं, पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा. याला मात्र दोघांचा शब्द एकच, धुरी.

एकदा मी धुरीला कंटाळून म्हटलं, "मोठीमाय, एक रात्र नाही केली तर काय होणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू समोर मी नसून सगळं मोगल घराणं उभं आहे. म्हणाली, "बऱ्हानपुरात बाळंतिनीची हयगय करू नये. बादशाची बायको गेली इथी."

यावर बोलायला जागाच नव्हती. मुमताजमहल 1631 साली बऱ्हाणपूरलाच गेली, तीही चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं आणि मग आग्र्याला नेलं. शाळेत हा धडा आम्ही शहाजहानच्या दुःखासाठी शिकलो. मोठीमायनं त्यातून एवढंच घेतलं की नवरा कितीही मोठा असला तरी बाळंतिणीची जबाबदारी त्याच्यावर सोडू नये. म्हणून तीही मला एकट्याला धुरीवर सोडत नाही. पहाटे अंगावर दोन लुगडी आणि वर घोंगडी घेऊन ओट्यावर येते आणि तिथून हुकूम सोडते, "ओलं टाक, ओलं! जाळ नको, धूर पायजे!"

ओल्या काडीचा धूर वाऱ्याच्या दिशेनं जातो, असं भौतिकशास्त्र सांगतं. आमच्या मळ्यात तो माझ्या दिशेनं येतो. केळीला ऊब किती लागते ते शास्त्रज्ञ सांगतील, पण पहाटे माझ्या डोळ्यांतून जे पाणी वाहतं ते ठिबकला जोडलं तर एक पाळी भागेल.

पाण्याचं प्रकरण आणखी वेगळं. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीपाळीनं येते आणि बाळंतिणीला शेक द्यायचा म्हटलं की पाळी रात्रीची लागते. मोटारीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसवलाय, त्यामुळे गोधडीत पडल्या पडल्या मोटार सुरू करता येते. पण पाणी कुठल्या व्हॉल्व्हला चाललंय, पाइप कुठे निसटलाय, हे मोबाइल सांगत नाही. त्यासाठी बॅटरी घेऊन उठावंच लागतं. असा अंधारात, घोट्यापर्यंत गार चिखलात उभा असलो की मला हटकून खानखाना आठवतो. अब्दुर्रहीम खानखाना, आपल्या पुस्तकातला दोहेवाला रहीम, इथला सुभेदार होता. 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरून, एकापुढे एक अशा शंभराच्या आसपास कुंड्यांमधून, नुसत्या उतारानं त्यानं शहरात आणलं. तो कुंडी भंडारा आजही वाहतो. ना मोटार, ना स्टार्टर, ना रात्रीची पाळी. चारशे वर्षांत आम्ही एवढीच प्रगती केली की आता पाण्यासाठी मध्यरात्री उठावं लागतं.

सकाळी अंघोळीला गरम पाणी मागितलं तर बायको सांगते, "चुलीपाशी काड्या नाहीत. तुम्हीच नेल्या धुरीला." बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, त्यात गार आणि गरम पाण्याची वेगवेगळी सोय होती म्हणे. आमच्याकडेही वेगवेगळी सोय आहे. कोमट पाणी केळीला आणि गार पाणी मला.

या सगळ्या जाचात सुखाचा दिवस एकच, भरिताचा. चातुर्मासात वांग्याला शिवायचं नाही, ते चंपाषष्ठीला सुटतं, आणि मग मळ्यामळ्यांतून भरितं सुरू होतात. हिरवी, जाड, तळव्यात न मावणारी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडजीत मुसळानं ठेचायची. वर हिरव्या मिरचीची, लसणाची फोडणी, शेंगदाणे, सुकं खोबरं, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. हे सगळं केळीच्या पानावर वाढायचं असा रिवाज आहे. पण मोठीमाय पान कापू देत नाही. बाळंतिणीच्या अंगावरचं कापड ओढायचं का, असं विचारते. म्हणून चारी बाजूंना हजारो केळीची पानं डोलत असताना आमच्याकडचे पाव्हणे स्टीलच्या ताटल्यांत भरीत खातात.

यंदा भरिताला सीमेपलीकडून माझा शालक आला होता. त्याचीही केळीच. जेवता जेवता त्यानं खिशातून मोबाइल काढून पारा बघितला आणि समाधानानं म्हणाला, "दाजी, दोन दिवस झाले साडेसातावर हाय. आज रात्री बी राहू दे म्हन्जे झालं."

आमच्या घरात शांतता पसरली. मोठीमायनं घास खाली ठेवला.

मग त्यानं समजावून सांगितलं. महाराष्ट्रात केळीला हवामानाचा विमा आहे. ऐन थंडीच्या महिन्यांत पारा सलग 3 दिवस 8 अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाई मिळते. नुकसान होणारच असेल तर अर्ध्या अंशासाठी कशाला हुकायचं, एवढंच त्याचं म्हणणं. आमच्या बाजूच्या केळीवाल्यांची असाच विमा मिळावा ही जुनी मागणी आहे. तोवर आमचा विमा म्हणजे धुरी. त्यामुळे त्या रात्री एक घर कोथळीच्या मुक्ताईकडे थंडी मागत होतं आणि दुसरं इच्छापूरच्या इच्छादेवीकडे ऊब. दोन्ही देवस्थानं फार लांब नाहीत. त्यांनी आपसात काय ठरवलं माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी पारा सव्वाआठ झाला. शालक देवावर रुसला. आमच्या केळीचं कुडकुडणं काही थांबलं नाही, कारण सव्वाआठचा गारठा तिला साडेसातपेक्षा ऊबदार वाटत नाही.

आता सगळ्यात मोठी गंमत सांगतो. ज्या केळीसाठी आम्ही रात्री जागतो, धूर खातो, गार पाण्यानं अंघोळ करतो, ती केळी थंडीत आमच्या घरात कुणी खात नाही. मोठीमायचा सक्त नियम. केळं थंड, थंडीत खाल्लं की सर्दी, सर्दीतून खोकला, खोकल्यातून बऱ्हाणपूरचा डॉक्टर. तिच्या पणतवानं, म्हणजे माझ्या मुलानं, एकदा इंदूरहून सुट्टीला आल्यावर गुपचूप एक घड माजघरात टांगला. तोही थंडीनं पिकेना. आठवडा झाला तरी हिरवागार. शेवटी त्यानं तो घड गोणपाटात गुंडाळून माझ्या गोधडीत ठेवला. गोधडीचा क्रम आठवत असेल, तर त्या रात्री माझा नंबर आणखी एकानं खाली गेला हे तुमच्या लक्षात येईल.

फेब्रुवारीत ऊन तापलं, घड भरले आणि माल घ्यायला व्यापारी आला. त्यानं पिशवी वर केली, घड बघितला, दुसरा बघितला आणि मान हलवली. मी बोलायच्या आधीच मोठीमाय ओट्यावरून उठून आली आणि तिनं त्याला धुरी, शेक, डिंकाचे लाडू, सगळं बाळंतपण ऐकवलं. तो आदरानं ऐकत राहिला. मग म्हणाला, "माताजी, माल में कमी नहीं है. भाव ही टूटा हुआ है."

"काहून?"

माल जायचा होता दिल्लीला. तिकडे अजून थंडी होती. व्यापाऱ्यानं हात जोडले. "वहाँ हर घर में आप जैसी कोई माताजी बैठी है. ठंड में किसी को केला खाने ही नहीं देती. कहती है, सर्दी हो जाएगी."

आम्ही सगळ्यांनी मोठीमायकडे पाहिलं. नानांनी, बायकोनं, मी, मुलानं. हिशोबाची वही घेऊन आलेल्या मुनीमानंसुद्धा. दिल्लीतल्या त्या अनोळखी म्हाताऱ्यांना बोल लावायची, निदान एक शिवी हासडायची, याहून चांगली संधी तिला मिळणार नव्हती.

मोठीमायनं जरा विचार केला, घोंगडी सावरली आणि म्हणाली, "बरोबरच हाय त्यांचं."