चाळीस भोकं आणि एक जिग

गोल नळीला सारख्या अंतरावर 40 भोकं पाडण्याची रूढ पद्धत अशी: पट्टी लावायची, खडूने खुणा करायच्या आणि पुढचं दैवावर सोडायचं. गोलाईवर ड्रिलचं टोक टेकताच घसरतं. सेंटर पंचाचा एक ठोका त्याला थोपवतो, पण पंच नेहमी शेजारच्या टेबलावर असतो. प्रत्येक खूण आधीच्या भोकापासून मोजली आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर त्याच बाजूला चुकला, तर चाळिसावं भोक जवळपास दोन सेंटिमीटर सरकलेलं असतं.

उपाय जिगचा. नळी व्ही-ब्लॉकात बसते, कडक पोलादाचा बुश ड्रिलला वाट दाखवतो, पाडलेल्या भोकात खुंटी अडकवली की पुढची जागा आपोआप येते आणि नळी फिरतही नाही. जिगच चुकीची असली तर सगळी अंतरं एकसारखी चुकतात. कारखान्यात यालाही अचूकता म्हणतात. जिग बनवायला अर्धा दिवस लागतो. म्हणून घाईत असलेले लोक ती बनवत नाहीत, दोन दिवस हातानेच भोकं पाडतात. पातळ नळीला ड्रिलऐवजी पंचिंग जलद, मात्र आत आधार नसला तर नळी चेपते.

भोकाच्या आतल्या बाजूची बर, म्हणजे धातूची धारदार कड, काढायची राहतेच. ती गिऱ्हाइकाच्या बोटाला सापडते.