कोणतं पीक राखता?

एप्रिल महिन्यात यवतमाळच्या माणसाला दोनच कामं सुचतात. एक, कूलरमध्ये पाणी टाकणं आणि दुसरं, मोबाइलवर थंड मुलखाची चित्रं पाहत बसणं. पोस्टल मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीनं दुसरं काम जरा जास्तच मनावर घेतलं. मंडळीतले एक साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची लेक नॉर्वेत, स्टाव्हांगरला असते. तिनं मित्रमैत्रिणींच्या टोळीबरोबर ल्यूसेफ्योर्डमधून कयाक वल्हवत नेल्याचा व्हिडिओ पाठवला. डोंगरांत ४२ किलोमीटर आत घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी, दोन्ही अंगांना उभे कडे, त्यातला सपाट माथ्याचा एक तर पाण्यापासून ६०४ मीटर उंच. दिवसभर वल्ही मारायची आणि संध्याकाळी दिसेल त्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा. साहेबांनी तो व्हिडिओ इतक्यांदा दाखवला की त्यातल्या कड्यावरच्या शेळ्या आम्ही एकेक ओळखू लागलो.

"तंबू कोणाच्या जागेत ठोकला?" हा कृषी केंद्रवाल्या भाऊंचा पहिला प्रश्न. सातबारा ज्याच्या रक्तात आहे, त्याला निसर्गाच्या आधी मालक दिसतो. उत्तर ऐकून मात्र भाऊ गप्पच झाले. नॉर्वेत १९५७ सालचा कायदा आहे. पेरलेली शेतं आणि घरांची आवारं सोडली, तर रानावनातली जागा कोणाच्याही मालकीची असो, तिथून कोणीही जावं आणि राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब तंबू टाकून दोन रात्री खुशाल झोपावं. मालकाला विचारायचं नाही, भाडं द्यायचं नाही.

"आणि धुऱ्याचं भांडण?" भाऊंनी विचारलं. धुऱ्याच्या भांडणाची त्या कायद्यात तरतूद नव्हती.

एवढ्यावरून ठरलं की आपणही जायचं. नॉर्वेला जायला व्हिसा आणि गुडघे दोन्ही लागतात, म्हणून फ्योर्ड जिल्ह्यातच शोधायचा.

आता फ्योर्ड व्हायला हिमनदी लागते. हिमयुगात बर्फाची नदी डोंगर खरवडत समुद्राकडे गेली, पुढं बर्फ वितळला आणि उरलेल्या खोल चरात समुद्र शिरला. आमच्या जिल्ह्यात बर्फ पडतो तो फक्त गारपिटीत, आणि त्याचा पंचनामा होतो. इथली घडण उलटी. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हा आला, थरावर थर बसला आणि काळा पाषाण झाला. झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीकडे त्या लाव्ह्याचे कोनेदार खांब सापडले आहेत, एकाला एक खेटून उभे. हा दगड नद्यांनी कोरला आणि कोरलेल्या दऱ्यांत पाणी भरायचं काम पाटबंधारे खात्याकडं आलं. हिमनदीची आणि या खात्याची चाल साधारण सारखीच. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ साली मंजुरी मिळाली, धरण अजून पुरं व्हायचं आहे. ज्या गावांना बुडायचं नाही, त्यांना ही चालच पावली म्हणायची.

मग पैनगंगेचं वेळापत्रक पाहिलं. आषाढ-श्रावणात ती कोणाचं ऐकत नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, तेव्हा लोकांना काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. असल्या पाण्याचं हौशी माणसानं नावही काढू नये. चैत्र-वैशाखात उलटी गत. तेव्हा होडीत बसण्यापेक्षा होडी डोक्यावर घेऊन चालण्याचाच योग जास्त. मधल्या दिवसांत जावं, तर उमरखेड तालुक्यात मुरलीपाशी सहस्रकुंड आहे. नदी काळ्या खडकांवरून एकदम खाली जाते. पुढं धबधबा आहे हे वल्हवणाऱ्याला आवाजावरून कळतं म्हणे, पण आमच्यातल्या दोघांची कानाची यंत्रं नेहमी घरी राहतात. सहस्रकुंड रद्द. त्याच्या पुढं बंदी भागात पैनगंगा अभयारण्य. तिथं १९७२ च्या कायद्यानं परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, झोपणं तर लांबच.

वरच्या अंगाला ईसापूरचं धरण. अलीकडचा काठ यवतमाळचा, पलीकडचा हिंगोलीचा. आमच्यातल्या इतिहासाच्या मास्तरांना तेच हवं होतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत पलीकडं निजामाचा अंमल होता, तेव्हा त्या काळात ही फेरी परदेशदौऱ्यात जमा झाली असती, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं. पण ईसापूरला पक्ष्यांचं अभयारण्य आहे. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, म्हणजे नेमके आमच्याच तिथीला. हजारो किलोमीटर उडून येणाऱ्यांचा मुक्काम कायदेशीर आणि पुसदपर्यंत एसटीनं जाणाऱ्यांचा बेकायदा.

शेवटी पूस धरण ठरलं. डोंगरांच्या बगलेत शिरलेलं पाणी आणि पौषातली थंडी. चौकीदाराला आणि मच्छीमार संस्थेच्या लोकांना आधी विचारून ठेवलं. कयाक हवा भरायचे, ऑनलाइन मागवलेले. त्यांचा पंप पायानं मारायचा होता, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधीच निम्मी मंडळी दमली. पाण्यात उतरलो तेव्हा शेजारून एक भोईकाका निघाले. पोत्यात शिवलेला थर्माकोलचा जाड तुकडा, त्यावर मांडी घालून स्वारी बसलेली, मांडीवर जाळं, ओठात विझलेली बिडी आणि दोन्ही हातांत वीतभर लांबीच्या दोन फळ्या. मनगटापुरतं पाणी मागं ढकलत ते आम्हाला ओलांडून गेले, जाळं सोडलं, परतही आले. आम्ही अजून गोलच फिरत होतो. जाता जाता ते म्हणाले, "हवा पाहा व तुमची, निंगून रायली."

संध्याकाळी तंबू. नॉर्वेच्या नियमानं जवळच्या घरापासून दीडशे मीटर मोजायचे होते. घर दूरवर दिसत नव्हतं, तेव्हा मोजायला काही अडचण नव्हती. जागा कुठली घ्यावी यावर मात्र भाऊंनी सावध केलं. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर तंबू टाकला की ते अतिक्रमण दिसतं, आणि एकाचं अतिक्रमण दिसलं की सकाळी शेजारी आणखी चार होतात. म्हणून एका ओळखीच्याच्या पडीक तुकड्यावर त्याला फोन करून तंबू टाकला.

अर्ध्या तासात दुचाकीवर तीन पोरं आली. "कोण्या गावचे व काका?" यवतमाळ. यवतमाळात कुठं? आर्णी रोड. मग अमक्या गुरुजींना ओळखता? तिसऱ्या प्रश्नाला बँकेच्या साहेबांची चुलत मेहुणी त्यांच्याच गावात दिलेली निघाली. त्यानंतर आम्ही पर्यटक उरलो नाही, सोयरे झालो. दूध आलं, गोवऱ्या आल्या, रोडग्यांसाठी घरचं जाडं पीठ आलं. पोलीस पाटील आले, वहीत आमची नावं लिहिली आणि चहा पिऊन म्हणाले, "थंडीत इथं काऊन झोपता? शाळेच्या वरांड्यात झोपा, नाही तर मारुतीच्या देवळात झोपा."

नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. यवतमाळ जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार. म्हणजे अर्धा नॉर्वे आमच्या एका जिल्ह्यात मावला आहे, आणि त्या देशाची मुख्य भूमी जिल्ह्याच्या सुमारे चोवीसपट. तिथं माणसापासून लांब जाण्याचा हक्क कायद्यानं द्यायला परवडतं. इथं विचारपूस हाच कायदा, आणि त्याला दीडशे मीटरची सूट नाही.

जेवणं झाली. फुफाट्यातून काढलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. शेकोटीच्या उजेडात शेजारच्या हरभऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरून आले. त्यांचा माळा आम्ही दिवसा पाहिला होता. चार बल्ल्या, वर तुराट्यांचं छप्पर, खाली शेतभर नेलेली दोरी आणि दोरीला टांगलेली पत्र्याची डबडी. रात्रभर अधूनमधून दोरी हिसडायची. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा वाचवायचा तो असा. झटका मशीन घेणाऱ्यांनी घेतल्या, पण जागल कोणाची सुटली नाही. बाबा शेकायला बसले. आमचे तंबू, फुगवलेल्या होड्या, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "तुमी कोणतं पीक राखून रायले?"

कोणीच उत्तर दिलं नाही. प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांच्या हिशेबात माणूस घर सोडून थंडीत उघड्यावर झोपतो तो काही तरी राखायलाच.

विचार केला तर त्यांचा हिशेब फार दूरवर लागू पडतो. याच पुसद तालुक्यात गहुलीच्या तांड्यात वसंतराव नाईक जन्मले आणि पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिले. त्यांचे पूर्वज लमाण बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. रात्री उघड्यावर मुक्काम पडला की गोण्या रचायच्या आणि बैल राखत जागायचं. टिपेश्वरचा एक तरुण वाघ घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. पावसाळ्याच्या तोंडी तो निघाला आणि ओढ्यानाल्यांतून, कपाशीतून, तेलंगणाची हद्द शिवून सुमारे १३०० किलोमीटर चालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला राखायला स्वतःचं रान हवं होतं, ते टिपेश्वरात उरलं नव्हतं. साहेबांची लेकही ल्यूसेफ्योर्डच्या काठावर काही तरी राखतच असणार. कचेरी, फोन, भाड्याचं घर यांतून उरलेला थोडा एकांत तिचा, आणि त्याला दीडशे मीटरचं कुंपण सरकारनं घालून दिलेलं.

आमच्याकडं मात्र उभं पीक काही नव्हतं. पोरं मार्गी लागलेली, पेन्शन वेळेवर येते, राखायचं ते डॉक्टरच राखतो. भाऊंनी खरं ते सांगून टाकलं, "बाबा, आमी रिकामेच हाओ."

बाबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "मंग उद्या माह्या हरभरा राखा. मी घरी झोपतो."

नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कयाक वल्हवले, आता ते बऱ्यापैकी सरळ जात होते. अंधार पडायच्या आत माळ्याचा ताबा घेतला. पाळ्या लावल्या. मास्तरांनी पाळीचा तक्ता केला, भाऊंनी दोरी ओढायची पद्धत समजून घेतली. पौषातली रात्र माळ्यावर किती लांब असते ते तंबूत कळत नाही. तंबूत थंडी बाहेर राहते आणि झोप आत येते. माळ्यावर दोन्हींचं उलट. पहाटे कुठंतरी खसखस झाली की सगळे मिळून डबडी वाजवायचे आणि मग कळायचं की तो आपल्यातलाच एक जण खाली उतरला होता.

उजाडल्यावर बाबा आले. दाढी केलेली, डोळे उतरलेले नाहीत. धुऱ्यानं एक चक्कर मारली, वाफे पाहिले आणि निकाल दिला, "डुकरं आलेच नाई. तुमच्या घोरण्याले भेले वाट्टे." मग घरून आणलेला चहा किटलीतून ओतला. किती वर्षांनी हरभऱ्याच्या दिवसांत घरी झोपलो ते त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मोजणं मध्येच सोडलं.

नॉर्वेला ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, कडे आणि पाणी पाहण्यासारखंच आहे. जिल्ह्यातच जायचं असेल, तर दिवाळीनंतर जा. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानंही घालावं. चौकीदाराला आणि पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा आणि चहाला नाही म्हणू नका, कारण नाही म्हटल्याची बातमी पुढच्या गावात आपल्या आधी पोचते. तंबू मात्र जागल चालू असलेल्या शेताजवळ टाका आणि एक रात्र त्या माणसाला घरी पाठवा. हौस तुमची आणि झोप त्याची, दोन्ही एकाच खर्चात भागतात.