फराळ जड झाला, अंडं परवडेना

भाजणीचा वास जिन्यात दरवळू लागला की सोसायटीतलं सामुदायिक डाएट रीतसर रजेवर जातं. ‘यंदा थोडंच करायचं हं’ हा ठराव दरवर्षी एकमतानं मंजूर होतो आणि चकलीचा पहिला घाणा उतरेपर्यंत टिकतो. मग करंज्या, अनारसे, दोन प्रकारचे चिवडे. भाऊबीज आटोपली की मऊ पडलेल्या चकल्या ‘मुलांना होतील’ म्हणून कामवाल्या मावशींच्या पिशवीत जातात आणि घरमालक जिमची चौकशी करतात.

सरकारी पाहणीनं मात्र सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलंय. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा वजनानं जास्त भरतो, तर पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे 36 कमी वजनाची आणि 35 खुरटलेली. सरासरी काढली तर राज्याची तब्येत ठणठणीत.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात दिवाळी वेगळीच उगवते. भात झोडून झालं की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम येतात. सणासाठी घेतलेली उचल फेडायला बिऱ्हाडं निघतात, लहान पोरं सोबत. पोराचं नाव गावच्या अंगणवाडीत, पोर भट्टीवरच्या झोपडीत. कागदावर आहार शाबूत राहतो, एवढं समाधान! 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तीसहून अधिक वर्षं झाली. तालुक्यात योजनांचा तुटवडा कधीच नव्हता.

गरिबाच्या घरीही फराळ व्हावा म्हणून 2022च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि लिटरभर पामतेल. कल्पना वाईट नव्हती. पण कित्येक दुकानांत साखर आली तर तेल नाही, तेल आलं तर पिशवी नाही. काहींच्या घरी दिवाळी सरल्यावर आनंद पोचला. तरीही वर्षातून एकदा लाडू वळला की भूक पुढल्या सणापर्यंत थांबते, असा पुरवठाशास्त्राचा काहीतरी नियम असावा.

शाळेतल्या अंड्याला तो नियम लागू झाला नाही. पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं 2023 अखेरीस ठरलं. जानेवारी 2025मध्ये सरकारनं त्याचे पैसे देणं थांबवलं. अंडा पुलाव, खीर, नाचणीचं सत्त्व हवं असेल तर शाळांनी लोकसहभागातून करावं, असं सांगण्यात आलं. शब्द मोठा गोड आहे, साखर न घालताही. मोठ्या शहरातल्या शाळेला एखादा दाता मिळेलही. मोखाड्याच्या शाळा व्यवस्थापन समितीनं मात्र वर्गणीची पावती घेऊन थेट वीटभट्टी गाठायची. लोक तिथंच आहेत, आणि त्यांच्या मजुरीतून आधी मुकादमाची उचल कापायची आहे.