फेसाचे वैरी

वर्धेहून बल्लारशाहकडे जाताना वरोरा मागे पडलं की माजरी जंक्शन येतं. इथून एक फाटा वणीकडे फुटतो. पांढरा शर्ट घालून इथे उतरलेला पाहुणा संध्याकाळपर्यंत राखाडी होतो, आणि दोन दिवस राहिला तर त्याला पाहुणा म्हणून कोणी ओळखत नाही. कोळसा जमिनीच्या पोटात असतो, हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं ठीक आहे. माजरीत तो खिडकीच्या चौकटीत असतो, तुळशीच्या पानांवर असतो, विरजणाच्या भांड्याच्या झाकणावर असतो. उशीच्या अभ्र्यावर तर तो इतक्या इमानाने बसतो की सकाळी डोकं उचललं की डोक्याएवढा गोल तेवढा पांढरा दिसतो.

अशा गावात धुणं हे नुसतं घरकाम राहत नाही. तो कोळसा काढण्याचाच दुसरा टप्पा आहे. खाणीतून निघालेला वॅगनमध्ये भरतात, कपड्यांतून निघालेला मोरीत सोडतात. या दुसऱ्या टप्प्यावर अलीकडे एक नवा अधिकारी रुजू झाला आहे.

कोळसा कंपनीच्या, म्हणजे वेकोलिच्या, क्वार्टरांच्या कुठल्याही ओळीत तो भेटेल. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात मशीनची माहितीपुस्तिका, आणि तीही प्लास्टिकच्या पिशवीत. कुठे तो निवृत्त फिटर असतो, कुठे पंप खलाशी, कुठे हाजरीबाबू. आमच्या ओळीतला माइनिंग सरदार होता. (बाहेरच्या वाचकांसाठी: हे खाणीतलं पद आहे. पाळी सुरू होण्याआधी वायू साचलाय का, छत धरून आहे का, हे तपासायचं, रजिस्टरात लिहून सही करायची, मग बाकीच्यांनी कामाला लागायचं.) सगळी कॉलनी त्यांना काकाजी म्हणते, आपणही तेच म्हणू.

नोकरीत असताना काकाजींचा धुण्याशी संबंध न्हाणीच्या दारापर्यंतचा. पाळीवरून यायचं, कपडे दाराशी टाकायचे. पुढे त्यांचं काय होतं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. ते आपोआप कपाटात घडी होऊन सापडत. काकाजींचे वडील 1973 च्या आधी खासगी मालकाच्या खाणीत होते, तेही कपडे असेच टाकत. 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण कोळशाचं झालं, धुण्याचं झालं नाही. ते काकीजींच्या खासगी मालकीत राहिलं. भांडवल म्हणजे एक दगड, एक थापी, धुण्याचा सोडा आणि निळीची बाटली.

मग निवृत्ती आली, ग्रॅच्युइटी आली आणि तिच्या मागोमाग समोरून उघडणारी, काचेच्या गोल दाराची मशीन आली.

तिचं आगमन ओळीतले लोक अजून सांगतात. खुल्या खाणीतलं ब्लास्टिंग दुपारचं. भांडी खणखणतात, तावदानं थरथरतात, पाळण्यातलं पोर मात्र कूसही बदलत नाही. त्या दिवशी ओळ सकाळीच हादरली. माणसं बाहेर येऊन एकमेकांना विचारू लागली, "आज इतक्या लवकर काहून जी?" आवाज काकाजींच्या न्हाणीतून येत होता. अशा मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यात मागून बोल्ट ठोकून जखडतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवायची नसते, आणि ते कोणी काढले नव्हते. पिळायच्या वेळी ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. बोल्टांसकट एवढे फेरे घेताना मशीन न्हाणीच्या कोपऱ्यातून चालत दारापर्यंत आली. नळाच्या पाइपाने धरून ठेवलं, नाहीतर ती वणीच्या गाडीत बसली असती. ते बोल्ट आता शोकेसमध्ये निवृत्तीच्या स्मृतिचिन्हाशेजारी आहेत. त्याच दिवशी काकाजींनी जाहीर केलं, "या मशीनले कोणी हात लावाचा नाही. चार्ज माझ्याकडे."

चार्ज घेतल्यावर पहिली मोहीम निघाली ती फेसाविरुद्ध. सारी नोकरी 'फेस'वर, म्हणजे खाणीत कोळसा कापतात त्या तोंडाशी, काढलेल्या माणसाने फेसाचं वैर धरावं, हा योगायोग काकाजींना आम्ही अजून सांगितलेला नाही.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. सर्फ 1959 साली भारतात आला, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढला, आणि तेव्हापासून आपल्या घरांत स्वच्छता फेसावरून मोजतात. बादलीत हात घातला आणि कोपरापर्यंत फेस आला नाही तर बाई दुकानदाराशी भांडायला जाते. या नव्या मशीनचं गणित वेगळं. हिचा ड्रम आडवा. तळाशी पाणी थोडंसंच. ड्रम फिरतो, आतल्या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि वरून खाली आपटतात. मळ निघतो तो या आपटण्याने. थापीचंच काम, फक्त मोटरवर. फेस जास्त झाला तर कपडे पडतात ते फेसावर, मार बसतच नाही. वर पाणी थोडं असल्यामुळे तो फेस खळखळून निघतही नाही. मशीन आपल्या अकलेने पुन्हा पुन्हा पाणी घेते, तास वाढतात, आणि पाणी वाचवणारी म्हणून घेतलेली मशीन टाकी रिकामी करते. म्हणून अशा मशीनला कमी फेसाची, वेगळी पावडर लागते, आणि तीही मोजून.

हे सगळं काकाजी एका दमात सांगतात, आणि न विचारता सांगतात. ओळीतल्या एका वहिनीची मशीन बिघडली म्हणून ती चादरी घेऊन आली. काकाजींची पाठ वळताच तिने आपल्या सवयीने मूठभर साधी पावडर टाकली. थोड्याच वेळात काचेत नुसतं पांढरं.

"किती टाकली?"

"थोडीशीच जी काकाजी. चादरी मळल्या होत्या."

"थोडीशी म्हणजे किती? ग्राम सांग."

"आता मुठीचे ग्राम मले काय माहीत बाप्पा!"

त्या दुपारी काकाजी काचेसमोर स्टूल टाकून बसले. वहिनी दोनदा चहा देऊन गेली, ते तिच्याशी बोलले नाहीत.

इथला कोळसाही त्यांनी शास्त्रात बसवला आहे. कोळशाची भुकटी पाण्यात विरघळत नाही. पावडर फक्त तिला कापडावरून सोडवून पाण्यात तरंगत ठेवते. पाणी कमी असलं की ती भुकटी फिरून कापडावरच बसते आणि पांढरं कापड हळूहळू राखाडी होतं. तेव्हा कपडे ओले करण्याआधी कोरडेच झटकून घ्यायचे. हा शोध काकाजींना मशीन घेतल्यावर बऱ्याच महिन्यांनी लागला. काकीजी लग्न होऊन आल्यापासून मागच्या भिंतीवर कपडे झटकत होत्या, पण त्याला तेव्हा नाव नव्हतं. आता त्याला "प्री-वॉश इन्स्पेक्शन" म्हणतात.

रजिस्टर ठेवलेलं आहेच. जुनी सवय. तारीख, पाळी, माल, पावडर ग्रॅममध्ये, पाण्याचा दाब, शेरा, सही. पहिली पाळी पांढऱ्याची, दुसरी रंगीत कपड्यांची. रात्रपाळी बंद, कारण शेजारच्या क्वार्टरमधल्या ऑपरेटरने खाणीतली आणि भिंतीपलीकडची अशा दोन रात्रपाळ्या करायला नकार दिला. पाणी खारं, म्हणून आतल्या हीटरवर क्षार चढतो. त्यासाठी महिन्याला एकदा ड्रम रिकामा ठेवून लिंबूफूल घालून गरम पाण्यावर मशीन फिरवायची. त्या दिवसाचा शेरा "मेंटेनन्स डे". त्या दिवशी काकाजींच्या घरी कोणी कपडे मळवू नयेत असा संकेत आहे.

पण काकाजींचं नाव झालं ते उश्यांमुळे.

माजरीत तीन तऱ्हेच्या उश्या नांदतात. वणी-वरोऱ्याकडचा कापूस भरलेल्या एक, जंगलातल्या काटेसावरीचा कापूस भरलेल्या दुसऱ्या, आणि दुकानात फुगवून ठेवलेल्या पॉलिएस्टरच्या तिसऱ्या. मशीनमध्ये घालण्याजोग्या त्यातल्या फक्त तिसऱ्या. माहितीपुस्तिकेत उश्यांवर काही नव्हतं, म्हणून काकाजींनी तिन्ही घालून पाहिल्या.

पहिला मान सावरीच्या उशीला मिळाला. गडचिरोलीकडच्या व्याह्यांनी दिलेली, पिसासारखी हलकी उशी. ही मशीन धुणं सुरू करण्याआधी ड्रमला दोन-चार हिसके देऊन आतल्या मालाचा अंदाज घेते आणि तेवढंच पाणी सोडते. उशीचा अंदाज घेऊन तिने रुमालांपुरतं पाणी सोडलं. त्यात सावरीच्या तंतूवर जन्मजात मेणाचा थर असतो, पाणी आत शिरतच नाही. याच्याच जातभाईने, कपोकच्या कापसाने, एकेकाळी बोटीवरची जीवरक्षक जाकिटं भरत. जी वस्तू माणसाला समुद्रात बुडू देत नाही ती स्वतः ओंजळभर पाण्यात काय बुडणार? तासाभराने उशी बाहेर आली ती वरून ओली, आतून ठणठणीत कोरडी. शेरा: "प्रकरण तपासाधीन."

मग कापसाची. तिने उलट केलं. सापडेल तेवढं पाणी पिऊन ती गोणपाटाएवढी जड झाली आणि ड्रमच्या एका अंगाला चिकटली. एक अंग जड असताना मशीन पिळत नाही. ती थांबते, माल पसरून पाहते, पुन्हा फिरते, पुन्हा थांबते. उशी काही पसरेना. शेवटी पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं उमटली आणि मशीन गप्प झाली. दार उघडलं तर शिवण उसवलेली, आत कापसाचे गोळे आणि पाणी जायच्या जाळीत बोळा. काकाजींनी डोक्याला बॅटरी बांधली, आडवे झाले आणि जाळी मोकळी केली. ओळीतल्या पोरांना त्या दिवशी सरदार खाणीत कसा दिसत असेल ते घरबसल्या कळलं.

"मी सांगतलं होतं ना जी," काकीजी एवढंच म्हणाल्या. "ते पिंजाऱ्याचं काम होय."

आणि ते खरंच पिंजाऱ्याचं काम आहे. पूर्वी दिवाळीनंतर पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून ओळीओळीतून फिरायचा. तातीचा तो टणत्कार ऐकला की घराघरांतून गाद्या-उश्या बाहेर निघायच्या. तो उशी फोडायचा, कापूस पिंजून मोकळा करायचा, धूळ उडवायचा, पुन्हा भरायचा. आता टेम्पोवर पिंजायचं यंत्र घेऊन एखादा येतो, पण काम तेच. कापसाची उशी धुवायची नसते. ती उन्हात टाकायची आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची. काकाजींनी हे रजिस्टरात लिहिलं, पण "प्रयोगान्ती सिद्ध" असं, जणू काकीजींनी ते आधी कधी म्हटलंच नव्हतं.

पॉलिएस्टरवर मात्र त्यांनी हुकमत मिळवली. उश्या कधीही जोडीने घालायच्या, दोन अंगांना एकेक, म्हणजे तोल राहतो. आधी बादलीत दाबून धरायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. आतली हवा गेली आणि पाणी भरलं की मशीनला खरं वजन कळतं आणि ती पुरेसं पाणी सोडते. पावडर नेहमीच्या निम्मी, खळबळून एक पाणी जास्त, पिळणं मंद. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की बरोबर टेनिसचे दोन बॉल टाकले की उशी फुलते. तो सल्ला गरम हवेच्या ड्रायरसाठी होता, हे लक्षात येईपर्यंत नातवाचे दोन्ही बॉल जप्त झाले होते आणि ओळीत क्रिकेट बंद पडलं होतं.

ड्रायर माजरीत कोण घेणार! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसावर जातो. उशी सकाळी टाकली तर दुपारी कडक. अडचण वाळण्याची नाही, वाळताना पुन्हा काळी होण्याची आहे. म्हणून काकाजी आधी गच्चीवर जाऊन अगरबत्ती लावतात आणि धूर कुठे जातो ते पाहतात. कोळशाच्या साइडिंगकडून वारा असला तर उश्या घरात. ब्लास्टिंगच्या आत उश्या खाली आल्याच पाहिजेत. पावसाळ्यात उश्या धुणं बंद, कारण आत ओल राहिली की बुरशी धरते आणि वरून हात लावून ते कळत नाही. यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र मला मनापासून आवडला. धुण्याआधी उशी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलायची, वाळल्यावर पुन्हा तोलायची. वजन पहिल्याइतकं झालं की आत पाणी नाही. एका खेपेला उशी पहिल्यापेक्षा काही ग्रॅम हलकी भरली. काकाजींनी विचार करून शेरा लिहिला: "फरक म्हणजे कोळसा."

काकीजी या सगळ्यात कुठे असतात? त्या बचत गटाचा हिशेब ठेवतात, मोबाइलवर गॅस नोंदवतात, नातवाच्या शाळेचा ऑनलाइन अर्ज त्यांनीच भरला. मशीनचं बटण कुठलं, हे मात्र त्यांना अजून कळत नाही. काकाजींनी एकदा शिकवायला घेतलं तर म्हणाल्या, "मले त्यातलं काही समजत नाही जी, तुमालेच जमते." काकाजी त्या दिवशी दिवसभर खुशीत होते. दगडावर आता कुंडी आहे.

निवृत्त माणसाचे हे चाळे म्हणून मीही हसलो आहे. पण ओळीत सगळ्यात पांढरे अभ्रे आज काकाजींच्या दोरीवर असतात, हे नाकारता येत नाही. धुणं हे डोकं लावायचं काम आहे, हे त्यांना साठीत कळलं. त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तुमच्या पॉलिएस्टरच्या उश्या धुवायच्या असतील तर खुशाल न्या, ते पैसे घेत नाहीत. सकाळच्या पाळीत जा, जोडीने न्या, सावरीची चुकूनही नेऊ नका. आणि चहा घेणार का विचारलं तर नको म्हणा, कारण चहाबरोबर रजिस्टर निघतं.