रिकाम्या तासाची अंमलबजावणी

मुलांना शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य होय, असे सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बजावून ठेवले आहे. परंतु ते कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास शासन काय करावे याविषयी त्याच कायद्याने जे सुज्ञ मौन धारण केले आहे, त्या मौनाच्या आडोशाला आज मुंबईत जी काही थोडी कुटुंबे आपल्या अपत्यांना घरीच शिकवीत आहेत, त्यांपैकी एक कुटुंब हिंदमाता चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आंबेडकर रस्त्याकडे तोंड करून, नांदत आहे. त्या कुटुंबाचे प्रमुखपद शिधापत्रिकेप्रमाणे आमच्या मातोश्रींकडे, व्यवहाराप्रमाणे आमच्या सौभाग्यवतींकडे आणि जबाबदारीपुरते माझ्याकडे आहे.

ही शाळा आम्ही मुद्दाम काढली असे नव्हे. ती अंगावर आली आणि पुढे अंगवळणी पडली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सरकारी हुकमाने राज्यातील शाळा बंद झाल्या, तेव्हा घरोघरी स्वयंपाकघरांतून शाळा भरू लागल्या, आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस मुंबईतील खऱ्या शाळांची दारे पुन्हा उघडताच त्या सर्व तात्पुरत्या शाळा आनंदाने बरखास्त झाल्या. आमची तेवढी कायम झाली. कारण मधल्या काळात सौभाग्यवतींनी बालशिक्षणावरील ग्रंथांचा फडशा पाडला होता, आणि एवढे वाचन झाल्यावर मूल परस्वाधीन करणे त्यांच्या बुद्धीला पटेना. थोरली आता नऊ वर्षांची आहे, धाकटा सहाचा. पुढेमागे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा देऊन थोरलीने जगाला आपल्या विद्येचा पुरावा द्यावा असा बेत आहे. धाकट्याविषयी अद्याप कोणताच बेत नाही, कारण त्याला बेत कळले की तो ते मोडतो.

घरी शिकवण्याला आपल्याकडे पूर्वपीठिका नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ साली विवाह होऊन घरी आलेल्या रमाबाईंना स्वतः शिकवले. गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंना घरीच शिकवून अखेर डॉक्टरीच्या पदवीपर्यंत पोहोचवले. हे दाखले मी मातोश्रींपुढे सप्रमाण मांडले. त्यांनी शेंगा सोलता सोलता सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अरे, ते दोघे आपापल्या बायकोला शिकवत होते. तू आधी सूनबाईला दोन ओळी शिकवून दाखव, मग मुलांकडे वळ." शेजारच्या वहिनी मात्र आमच्या पक्षाच्या. दादरच्या शाळेतून सातवीत बाहेर पडून घरी शिकलेली मालविका जोशी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवून २०१६ साली थेट अमेरिकेतील एमआयटीत कशी दाखल झाली, हे त्या दर महिन्याला नव्याने सांगतात. मातोश्री त्यावर एवढेच विचारतात, की त्या मुलीचे वडील घरी बसून कंदील चिकटवत होते का?

या प्रश्नातील रोख समजण्यासाठी आमच्या वेळापत्रकाची थोडी माहिती आवश्यक आहे. ते चार रंगांत आखलेले असून स्वयंपाकघराच्या दारावर लावलेले आहे. त्यात सकाळी गणित, मग भाषा, दुपारी 'ऋतुमानानुसार हस्तव्यवसाय', आणि चार ते पाच या वेळेसमोर हिरव्या अक्षरांत 'मुक्त तास' असे लिहिले आहे. हे शेवटचे कलम घालण्यामागे मोठी प्रेरणा होती. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दादरला, ताराबाई मोडकांनी १९३६ साली शिशुविहार काढला. मूल स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या गतीने, स्वतःच्या हातांनी शिकते, या तत्त्वाचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलामागे जावे असा दंडक घालून दिला. इतक्या थोर विचाराची आमच्या घरी अंमलबजावणी करताना त्याला फक्त चार ते पाच ही वेळ देता आली, हा दोष विचाराचा नव्हे, जागेचा आहे. पाचनंतर त्याच खोलीत कणीक मळायची असते.

मुक्त तास पहिल्याप्रथम अमलात आला त्या दिवशी बरोबर चारला दोन्ही विद्यार्थी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाबा, मुक्त तासात काय करायचं?"

"काहीही. तुम्हांला वाटेल ते."

"म्हणजे नक्की काय?" थोरलीने वही उघडली.

"काहीच केलं नाही तरी चालेल."

हे धाकट्याला पटले. तो फरशीवर उताणा पडला आणि छताच्या पंख्याकडे पाहू लागला. शिस्तीचा ताप मी एक वेळ सहन करीन, परंतु नऊ फूट बाय बारा फुटांच्या खोलीत एक निरोगी मूल काहीही न करता पडून आहे हा देखावा सहन करण्यास जे मनोधैर्य लागते, ते आमच्या पिढीजवळ नाही. मी प्रथम वर्तमानपत्राच्या वरून पाहिले, मग बाजूने पाहिले, आणि अखेर न राहवून विचारले, "काय चाललंय?" तो म्हणाला, "काही नाही." हे उत्तर सर्वथा नियमाला धरून होते. तरीही सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून तोच प्रश्न विचारला, मातोश्रींनी पोटात दुखते का म्हणून चौकशी केली, आणि थोडक्या वेळात त्या निष्क्रियतेची इतकी तपासणी झाली की मुलगा कंटाळून उठला आणि आपण होऊन पाढे म्हणू लागला. पुढे मुक्त तासात मुलांनी काय केले याची एक नोंदवहीही सौभाग्यवतींनी घातली. तिच्यात 'काही नाही' ही नोंद इतक्या वेळा आली की त्यांनी त्या ठिकाणी 'चिंतन' असे लिहिण्यास प्रारंभ केला.

'ऋतुमानानुसार हस्तव्यवसाय' हे खाते माझ्याकडे आहे, आणि त्यात कच्च्या मालाची कधीच वाण पडत नाही, हे हिंदमाता बाजाराचे आम्हांवर उपकार. साड्यांच्या घडीतले पुठ्ठे, थान गुंडाळलेल्या जाड नळ्या, कटपिसांच्या चिंध्या, हे सारे इथले दुकानदार मागताच देतात, कधी न मागताही देतात. आषाढी अमावस्येला कणकेचे दिवे, नागपंचमीला पाटावरचा नाग, पोळ्याला मातीचे बैल, संक्रांतीला काटा न आलेला हलवा, अशी ही रहाटी बारा महिने चालते. पण तिचा खरा दरबार भरतो दिवाळीत, आकाशकंदिलाच्या वेळी.

कंदिलाच्या कामट्या तासणे हे नऊ वर्षांच्या मुलीचे काम नव्हे म्हणून ते मी घेतो. सांगाडा बांधताना गाठ सैल सुटू नये म्हणून तेही मीच करतो. पतंगी कागद नाजूक असतो, तो फाटेल म्हणून तो सौभाग्यवती कापतात. खळ गरम असते म्हणून ती मातोश्री करतात. आणि झिरमिळ्या सारख्या लांबीच्या याव्यात या विषयावर आम्हां तिघांत जो वाद पेटतो त्यात मुलांना बोलण्यास अवसरच मिळत नाही. तयार झालेल्या कंदिलाला 'मुलांनी केलेला कंदील' असे म्हणण्याची वहिवाट आहे, आणि शेजारी, नातलग व दुकानदार यांच्याकडून त्याची दाद आम्ही मुलांना पुढे करून घेतो. हस्तव्यवसाय हा मुलांच्या नावावर मोठ्यांनी चालवलेला एक जुना उद्योग आहे, असे माझे मत होत चालले आहे. लहानपणी माझ्या वडिलांनी मला ज्या कामटीला हात लावू दिला नाही, ती कामटी मला आता कुठे मिळाली आहे, आणि मी ती इतक्यात सोडणार नाही. माझ्या मुलीला तिच्या मुलांच्या वेळी मिळेल. या सर्व काळात मुले असतात कुठे? तर जिन्याखाली, त्याच पुठ्ठ्यांचा एक किल्ला करून, ज्याला बुरूज नाही, दरवाजा नाही, आणि ज्यावर मावळ्यांऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे पहाऱ्याला उभे आहेत.

गणपतीच्या दिवसांत मात्र या खात्याला प्रबळ प्रतिस्पर्धी उत्पन्न होतो. लालबागच्या गणेशगल्लीचे मंडळ १९२८ चे आणि राजाचे १९३४ चे. परळच्या चित्रशाळांतून दोन-दोन मजली मूर्ती बाहेर पडताना ज्या मुलांनी जन्मापासून पाहिल्या, त्यांच्यापुढे मी वीतभर शाडूचा गोळा ठेवून "चला, बाप्पा करू" म्हटले, तेव्हा धाकट्याने त्या गोळ्याकडे आणि माझ्याकडे क्रमाक्रमाने पाहिले. तरी त्याने सोंड केली, कान केले, पोट तर फारच मनापासून केले. बैठक जराशी कलली, तिला मी आधार देत होतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की विद्यार्थी दोघेही वर्गातून नाहीसे झाले आहेत.

ते बाहेर गॅलरीत, लालबागच्या राजापुढे असते तशी, रांग आखत होते. एक नव्हे, दोन: खडूने एका बाजूला 'नवसाची' आणि दुसऱ्या बाजूला 'मुखदर्शन'. थोरलीच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला होता, धाकट्याच्या हाती शिटी होती, आणि नवसाच्या रांगेत मातोश्री, शेजारच्या वहिनी व इस्त्रीचे कपडे घेऊन आलेला मुलगा असे तीन भाविक आधीच तिष्ठत उभे होते. मातोश्रींनी गुडघ्याची तक्रार मांडताच त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून मुखदर्शनाकडे वळवण्यात आले; वहिनींनी ओळखीचा उल्लेख करून पुढे घुसण्याचा यत्न केला तेव्हा त्यांना "चला, चला, थांबू नका" असे म्हणत मागून इतक्या सफाईने ढकलण्यात आले की मूर्ती पाहिली की नाही हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. मी शाडूने भरलेले हात घेऊन पुढे झालो. स्वयंसेवकाने शिटी वाजवली. मूर्तिकारासाठी वेगळी सोय नाही, असे मला सांगण्यात आले. हा खेळ विसर्जनापर्यंत चालला, आणि त्यात रांगेतील माणसे मोजणे, पावत्या लिहिणे, देणगीचा जमाखर्च मांडणे ही गणित व भाषेची जी कामे झाली, ती आमच्या चार रंगांच्या कागदाने वर्षभरात झाली नसती.

परंतु शाळेचा परमोत्कर्ष पहायचा तर पावसाळ्यात यावे. ज्या चित्रपटगृहावरून या चौकाला नाव पडले त्याच्या खेळांपेक्षा इथल्या पाण्यानेच चौकाची कीर्ती अधिक दूरवर नेली. आम्ही भिंतीवर जलचक्राचा तक्ता लावून ढग, वृष्टी, नदी, समुद्र असे बाण दाखवत असताना खाली रस्त्यावर ते चक्र मध्येच अडून राहिलेले असे, आणि बाण कुठे अडला हेच मुलांना जाणून घ्यायचे असे. तेव्हा मी सांगितले की मुंबई ही मूळची सात बेटे, परळ हे त्यांतले एक. मधल्या खाड्या आणि दलदली इंग्रजी अमदानीत भरून काढल्या, पण भर टाकली म्हणून जमीन उंच होत नाही. आपला चौक आजूबाजूपेक्षा खोल, बशीच्या आकाराचा, त्यामुळे चहूकडचे पाणी इकडेच येते आणि ब्रिटानिया उदंचन केंद्राच्या वाटेने समुद्राकडे जायला बघते. नेमकी तेव्हा भरती असली की ते थोपते. "म्हणजे पाणी घरी गेलं तर तिथे आधीच पाहुणे आलेले," थोरली म्हणाली. इतके अचूक उत्तर माझ्या तक्त्यात नव्हते. मातोश्रींनी त्यावर २६ जुलै २००५ ची कथा सांगितली, त्या दिवशी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याचा आकडा मी मध्येच घातला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. त्यांच्या कथेत पाणी नेहमी कमरेने मोजले जाते.

मुलांनी आपले माप शोधून काढले: बेस्टच्या बसचे चाक. चाक अर्धे बुडाले की गणित तहकूब, पाऊण बुडाले की भाषाही. मग वह्यांची मागची पाने सुटत, होड्या बनत, आणि पाणी जिन्याच्या पायरीला लागले की त्या तेथून सोडल्या जात. या उद्योगाला मुक्त तास म्हणावे, हस्तव्यवसाय म्हणावे की भूगोल, याचा निर्णय नोंदवहीतही कधी झाला नाही.

पुढे महानगरपालिकेने दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या, चौकातले पाणी नळांतून तिकडे नेऊन साठवून मग सावकाश समुद्रात सोडण्याची व्यवस्था केली, आणि पाणी पूर्वीइतके तुंबेनासे झाले. दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आमच्या शाळेवर मात्र वज्राघात झाला. धाकटा सरी येताच होडी घेऊन पायरीवर बसे आणि कोरडा ठणठणीत परत येई.

माझ्या थोरल्या मुलीकडून स्वेच्छेने चार ओळी मराठी लिहून घेण्यासाठी मी आजवर आमिष, आर्जव आणि धाक असे सर्व उपाय योजले होते. परवा मुक्त तासात ती कोणी न सांगता टेबलाशी बसली, आणि पाचच्या ठोक्याला तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. अर्ज महानगरपालिका आयुक्तांच्या नावे होता. आमच्या चौकात पूर्वी पाणी येत असे, ते टाकीत नेल्यामुळे अर्जदारांचे अतोनात नुकसान झाले आहे, तरी रविवारी घोट्याएवढे पाणी चौकात राहू द्यावे, दुकानदार काकांचा माल भिजू नये म्हणून ते रस्त्याच्या फक्त मधोमध ठेवावे, आणि वेळ चार ते पाच असावी, कारण तेव्हा अर्जदार रिकामे असतात, अशी ही कैफियत होती. ऱ्हस्वदीर्घाच्या काही चुका होत्या. खाली दोन्ही अर्जदारांच्या सह्या, साक्षीदार म्हणून मातोश्रींची सही, आणि त्याही खाली, डाव्या कोपऱ्यात, हिरव्या अक्षरांत लिहिले होते: 'प्रत, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: बाबा.'