पथ्याचा पाव

अनारशाला जाळी पडते की नाही यावर आमच्या सासरी सुनेची किंमत ठरते. माझ्या अनारशाला पडते. आंबोळीचं पीठ माझ्या हाताला फुगतं, ढोकळ्याचं तर मला न विचारता फुगतं. श्रावणातल्या दमट हवेत इडलीचं पीठ किती वाजता उघडून बघायचं आणि पौषात त्याला कुठल्या कपाटात निजवायचं, हे विचारायला वरच्या मजल्यावरच्या बायका माझ्याकडे येतात. मी "छे हो, माझं काय त्यात, सवयीने कळतं," असं म्हणते तेव्हा त्यात विनय औषधालाही नसतो. तेव्हा पीठ आंबवणं मला कोणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

तरी लेकीने शिकवलं. ती म्युनिकला असते आणि तिथे सगळं मोजून करतात. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट ७.

"मीठ १० ग्रॅम म्हणजे किती गं?"

"आई, १० ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम."

"अगं, पण चवीपुरतं..."

"चवीपुरतं नाही. काट्यावर."

ज्या चिमटीवर इतकी वर्षं घरादाराचा रक्तदाब सांभाळला, तिचा असा उघड अपमान कोणी केला नव्हता. काटा मागवला. दार लावून त्यावर माझी चिमूट ठेवून पाहिली. किती भरली ते सांगणार नाही.

पाण्याचंही तेच. कोमट म्हणून भागेना. चाळीस अंशांच्या आत-बाहेर हवं, साठाला गेलं तर यीस्ट मरतं. बोटाला सुखाने सोसवेल ते पाणी साधारण तेवढंच असतं, हे मी तिला थर्मामीटर विकत न घेता पटवलं आणि तेवढ्यापुरती अब्रू राखली.

मळण्यात मात्र सत्ता माझी. "दहा मिनिटं मळ, मग तुकडा ताणून उजेडाकडे धर, न फाटता पलीकडचं दिसलं पाहिजे," म्हणे. अगं बाई, पुरणपोळीची कणीक आम्ही तेला-पाण्याने तिंबतो ती काय हौस म्हणून? माझ्या आजीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाट्यावर वरवंट्याखाली घालून ती त्याला वठणीवर आणायची. मी तिची नात. मैद्याला असा तिंबला की ओट्यावरचे डबे सरकले. तुकडा ताणून खिडकीशी धरला, तर समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली चादर दिसली, तिच्यावरच्या फुलांसकट. म्युनिकला ते फारसं विशेष वाटलं नाही.

आता हे पीठ फुगायला तास-दीड तास. तेवढा वेळ आहे, तर सांगूनच टाकते.

पाव ही वस्तू आपल्याकडे सरळ दाराने आलीच नाही. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि मागोमाग पाव आला. यीस्ट कुठलं मिळायला? माडाच्या सुरेवर पीठ फुगवू लागले. म्हणजे पहिल्याच पायरीला दारू. त्यावर कडी म्हणजे ती जुनी गोष्ट: विहिरीत पाव टाकला की पाणी पिणारा अख्खा गाव बाटतो. एका भिजलेल्या तुकड्यात जर एवढी ताकद असेल, तर सात ग्रॅम यीस्टचं कौतुक कोणाला सांगता? १८५७च्या सुमाराला तिकडे लुई पाश्चरने दाखवून दिलं की आंबवण्याचं काम यीस्टचा जिवंत जीव करतो. साखर खातो, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल सोडतो. पुण्यात तोवर कोणी काय खाल्लं याचा हिशेब वेगळ्या शास्त्राने चालू होता. १८९० साली पंचहौद मिशनात शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. नंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घोट घेतला, कोणी कप नुसता हातात धरून शिष्टाचार पाळला. आणि आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी, ज्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं, त्यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! त्यात टिळक, त्यात न्यायमूर्ती रानडे. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, शास्त्रार्थ झाले. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी पुढे घेतलं, तर सुधारकच त्यांच्यावर रुसले. मला त्यात राहून राहून बिस्किटांची काळजी वाटते. ती खुसखुशीत होती का, हे काही कोणी शास्त्र्यांनी विचारलं नसणार. आमच्या घराण्यातलं त्या यादीत कोणी नव्हतं. सोवळं सांभाळलं म्हणून याचा अभिमान वाटायला हवा, पण मामंजींना आयुष्यभर वाईट वाटायचं की आपल्या आजोबांना बोलावणंच नव्हतं. आता त्याच पुण्यातली माणसं कॅम्पात श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांगा लावतात आणि रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर हरखतात.

असो. पीठ दुप्पट झालं. दाबून हवा काढली, वळकटी करून डब्यात ठेवलं, पुन्हा फुगू दिलं, २२० अंशांच्या ओव्हनमध्ये सारलं. पंचविसाव्या मिनिटाला वास सुटला. मी स्वयंपाकघराचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. जिन्यापर्यंत जायला हवा होता.

पाव बाहेर काढला, उलटा करून बुडावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. वरचं कवच तांबूस आणि तडतडत होतं, खरंच, कान नेला तर ऐकू येत होतं. तेवढ्यात काठी टेकत, नव्वदीला टेकलेल्या सासूबाई आल्या.

"कोण आजारी आहे गं?"

मला झोंबलं. सकाळपासून ओट्याशी उभी, आणि कौतुक राहिलं बाजूला, माझा पाव थेट पेज आणि मोसंब्याच्या रांगेत! पण त्यांच्या काळी घरात पाव यायचा तो कोणी तापाने पडल्यावरच. डॉक्टर सांगत, दूध-पाव द्या. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून यायचा आणि ओटीवरच्या फडताळात राहायचा, स्वयंपाकघरात त्याला मज्जाव.

"कोणी नाही, आई. मी घरी केला."

त्या खुर्ची ओढून बसल्या. पावाकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना विषमज्वर झाला होता ना, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. एकवीस दिवस काही मागितलं नाही. पाणीसुद्धा मी विचारलं तरच. आणि मग एका सकाळी म्हणाले, पाव आहे का? मी फडताळातून काढला आणि सरळ चुलीपाशी नेला. दूध तापवून त्यात बुडवला. माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, आता बोलतील. बोलल्या नाहीत. हाच वास. मला हा वास आला की कोणाचा तरी ताप उतरलाय असं वाटतं."

मी सुरी घेतली. पाव तासभर निवल्याशिवाय कापायचा नाही, आत ओलसर राहतो, अशी म्युनिकची सक्त ताकीद होती. फोटोही पाठवायचा होता. कापला. वाफ आली, काप थोडे चिकटले. दूध गरम केलं, साखर घातली, वाटी पुढे ठेवली.

सासूबाईंनी कापाच्या चारही कडा, म्हणजे ज्या तांबूस तडतडत्या कवचासाठी हा सगळा खटाटोप केला ते कवच, नखाने नीट सोलून काढलं आणि माझ्या बशीत ठेवलं.

"हे तू खा," मऊ भाग दुधात बुडवत त्या म्हणाल्या, "तुला दात आहेत."