टर्बोसाहेब

नगर जिल्ह्यात साहेब व्हायला नोकरी, बढती, परीक्षा असलं काही लागत नाही. बारशालाच काम उरकून जातं. बाळासाहेब, भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब… पाळण्यात पडल्या पडल्या माणूस साहेब. एक साहेब मात्र असा आहे की तो बारशाला होत नाही. चाळिशी उलटल्यावर, दारात जुनी डिझेल गाडी उभी असेल तरच होतो. आम्ही त्याला टर्बोसाहेब म्हणतो. तो सावेडीत आहे, केडगावात आहे, राहुरी-श्रीरामपूरकडं तर हमखास आहे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी त्याच्यात फरक पडलेला नाही. रविवारी सकाळी ज्या घरापुढं गाडीचं बॉनेट उघडं दिसेल आणि माणसाचा कमरेखालचा भागच तेवढा नजरेला पडेल, ते घर टर्बोसाहेबांचं.

त्यांची विचारपूस वेगळ्या वळणाची असते. तुम्ही चार महिन्यांनी भेटलात तरी पहिला प्रश्न, "काय म्हणते गाडी? पिकअप कसाय?" मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलंत तर जावई काय करतो हे नंतर, आधी गाडी कुठली, मग पेट्रोल का डिझेल. पेट्रोल म्हणालात तर दोन क्षण थांबून समजूत घालतात, "असू द्या, मुलगा चांगला असंल."

हा दोष एकट्या त्यांचा नाही, गावाच्या पाण्याचाही आहे. १९७२ साली आलेली लूना नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून बाहेर पडायची. त्यामुळं इथल्या पोरांनी पहिला पाना धरला तो लूनाचाच. टर्बोसाहेबांनी दहावीच्या सुट्टीत वडिलांच्या लूनाच्या सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली होती. वेग होता तेवढाच राहिला, पण आवाज माळीवाड्यापासून स्टेशनपर्यंत जायला लागला. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा सिद्धांत त्या दिवशी पक्का झाला आणि तो खोडून काढणारा गुरू त्यांना पुढं वेळेवर भेटला नाही.

शिवाय लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई याच गावात, तिचे चाचणीचे ट्रॅक इथंच, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथंच आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथंच. टर्बोसाहेबांचा व्हीआरडीईशी संबंध एवढाच की तिची गेटवरची पाटी त्यांनी पुष्कळदा वाचली आहे. तरी स्वतःच्या गाडीबद्दल बोलताना "आमच्या नगरला टेस्टिंग जरा कडक असतं" हे वाक्य ते सहज टाकतात. पुण्याचे पाहुणे आले की शिर्डी-शिंगणापूरच्या आधी रणगाडे. प्रत्येक रणगाड्यापुढं उभं राहून त्याचं इंजिन कशावर चालायचं एवढीच माहिती देतात. पासष्टच्या लढाईत गाजलेला सेंच्युरियन पेट्रोलवर चालायचा, हे दुःख त्यांना अजून पचलेलं नाही. तिथून ते पाहुण्यांना जरा घाईनं पुढं काढतात.

गाडी म्हणाल तर २०११ची इंडिका व्हिस्टा, एमएच १६, क्वाड्राजेट. इंजिन १,२४८ सीसीचं, मूळ फियाटचं, रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं. पुण्याला जाताना रांजणगावला महागणपतीला हात जोडले की टर्बोसाहेब जोडलेले हात तसेच एमआयडीसीकडं वळवतात. याच घराण्याचं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, रिट्झमध्ये होतं, फियाटच्या पुंटोत आणि लिनियातही होतं. त्यामुळं सिग्नलला जुनी डिझेल स्विफ्ट शेजारी येऊन थांबली की ते काच खाली करून अनोळखी माणसाला "आपलं एकच बरं का" असं सांगतात. तो माणूस बिचारा काच वर करतो. २०१८ साली इंडिका बंद झाली आणि २०२०च्या एप्रिलपासून मारुतीनं डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, तेव्हा साहेबांनी दोन दिवस गाडी बाहेर काढली नव्हती. टाळेबंदी होती हे खरं, पण ते कारण त्यांना मान्य नाही.

या इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्ती. नगरच्या रस्त्यांना ती पुरून उरते. नगर-मनमाड रस्त्यावर तर निम्म्या घोड्यांनाही काम नसतं. पण २०१३ साली कंपनीनं त्याच व्हिस्टात, त्याच १,२४८ सीसीमधून ९० अश्वशक्ती काढून दाखवली आणि टर्बोसाहेबांची झोप उडाली. इंजिन तेच, डबा तोच, मग आपल्याला पंधरा घोडे कमी का? कंपनीनं आपले घोडे दाबून ठेवले, अशी त्यांची पक्की खात्री झाली. बांधावरची जमीन कुणी दाबली असती तर कोर्टात गेले असते. घोड्यांसाठी मिस्त्रीकडं गेले.

मिस्त्रीनं नीट सांगितलं होतं. नव्वदवाल्याचा टर्बो वेगळा, त्यातली पाती इंजिनच्या वेगाप्रमाणं कोन बदलतात, म्हणून खालूनच जोर मिळतो. आपला साधा. काटा दोन हजारावर गेल्याशिवाय तो जागा होत नाही. टर्बो बदलायचा तर कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंगही बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून साहेबांनी चहा मागवला आणि पुढं त्यांच्या आयुष्याचं ब्रीद ठरलेला प्रश्न विचारला, "स्वस्तात काय होईल?"

स्वस्तात पुष्कळ काही होतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे डिकीवर '९०' असा आकडा चिकटवणं. तो चिकटवल्यापासून गाडी हलकी पळते असं ते शपथेवर सांगतात. मग टाकीत टूटी ऑइल आलं. लूनाच्या पेट्रोलात घालायचं ते तेल डिझेलात मापानं घातलं की पंप-नोझल गुळगुळीत राहतात, असं कुणीतरी पंपावर सांगितलं होतं. मग शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर आला. त्यानं 'सुंss' असा आवाज दिला आणि लूनाचा सिद्धांत पुन्हा सिद्ध झाला. पण हा फिल्टर इंजिनच्या शेजारची तापलेली हवा ओढतो, त्यात नगरचा धुरळा, आणि त्याला लावायचं तेल साहेबांनी प्रेमानं जरा जास्तच लावलेलं. ते तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं. गाडी आचके द्यायला लागली. साहेब म्हणाले, "ताकद बाहेर यायला बघती."

आणि मग आला डबा. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, वर ताकदीचं चित्र. तो कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसवायचा. सेन्सर जे प्रेशर सांगतो ते डबा कमी करून कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटरला वाटतं डिझेलचं प्रेशर पडलं, तो बिचारा वाढवून देतो. हे तंत्र बाकीच्यांना समजावून सांगावं लागतं, आमच्या जिल्ह्यात लागत नाही. सहकारात वाढलेल्या माणसाला, शिल्लक कमी दाखवून वाढीव उचल कशी घ्यायची, हे डिझेल इंजिनासारखंच चांगलं कळतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, म्हणजे गाडी खोटं बोलायला लागली?" साहेब म्हणाले, "खोटं नाही, ट्युनिंग."

खरं सांगायचं तर डब्यानं फरक पडला. दोन हजाराच्या पुढं गाडी पाठीत धक्का द्यायला लागली. मागं काळा धूर सुटायला लागला तो साहेबांना आरशात दिसायचा. ते त्याकडं कौतुकानं बघायचे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारांचं मत कुणी विचारलं नाही. त्याच झपाट्यात त्यांनी धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरच्या वाटेत पत्रा ठोकला आणि सायलेन्सरही मोकळा करून घेतला.

हे सगळं कशासाठी होतं, हे पुढं नवरात्रात कळलं. ते होतं साडूसाठी. साडू पुण्यात खराडीला आयटीत. त्याच्याकडं नवी पेट्रोल गाडी, तीही ऑटोमॅटिक. दोन्ही कुटुंबं मोहटादेवीला निघाली. साहेबांच्या गाडीत वहिनी, दोन पोरं, सासूबाई आणि डिकीत काय काय. करंजी घाट सुरू झाला तसा साहेबांनी गिअर खाली घेतला, पाय दाबला आणि साडूच्या पुढं गेले. वहिनींनी देवीचं नाव घेतलं. दुसऱ्या वळणावर काटा वर चढायला लागला, आवाजही चढला, पण गाडी चढेना. इंजिन चार हजारावर ओरडतंय आणि शेजारून माल भरलेला छोटा टेंपो निवांत पुढं जातोय. क्लच घसरत होता. गाडीत उग्र वास पसरला.

"जावईबापू, काहीतरी जळतंय," सासूबाई म्हणाल्या.

"पुढच्या ट्रकचं आहे."

पुढं ट्रक नव्हता. तेवढ्यात साडू शेजारून गेला, जाताना हात केला आणि वर जाऊन सगळ्यांसाठी उसाचा रस सांगून ठेवला. शर्यत चालू होती हे त्याला आजतागायत माहीत नाही. पराभवात सगळ्यात झोंबलं ते हेच.

गाडी टोचनवर बांधून मिस्त्रीकडं आली. मिस्त्रीनं आधी डबा काढून डॅशबोर्डवर ठेवला. मग मागची बाजू जॅकवर घेतली आणि चाकाला हातानं गरका दिला. चाक फिरलं नाही. हँडब्रेकची केबल गंजून जाम झालेली, त्यामुळं ब्रेक कायमचा थोडा लागलेला. गाडी किती दिवस ब्रेक लावूनच पळत होती कोण जाणे. मग त्यानं टर्बोपासून निघणारा रबरी होस बोटांनी वाकवला. क्लिपशेजारी नखाएवढी चीर, भोवती तेलाचा काळा डाग. टर्बो दाबून पाठवतोय ती हवा तिथूनच बाहेर. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून धूर. चारही टायरांत हवा कमी. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी. शेवटी त्यानं डिकी उघडली. आतून दोन जॅक, जुन्या लोअर आर्मची जोडी, ऑइलचा भरलेला कॅन, मूळ सायलेन्सर आणि गावाकडून आणलेली बाजरीची गोणी निघाली. गोणी आदल्या वर्षीच्या दिवाळीची होती.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सायेब, तुमचे पंधरा घोडे कंपनीनं न्हाई ठेवले. हितंच हायेत समदे. दोन चाकाला बांधलेत, दोन होसमधनं पळून गेलेत, बाकीचे बाजरी खात्यात."

क्लच प्लेटीचा खर्च मोठा झाला, तो व्हायचाच होता. बाकी केबल, होस, क्लिप, डिझेल फिल्टर, कागदी एअर फिल्टर, सेन्सर साफ करणं, टायरात हवा, अलाइनमेंट हे सगळं मिळून डब्याच्या किमतीत बसलं. डबा न लावता गाडी घेऊन साहेब पुन्हा करंजी घाटात गेले, एकटेच. परत आल्यावर काही बोलले नाहीत. टर्बोसाहेब गाडीवर काही बोलले नाहीत म्हणजे गाडी चांगली पळाली, असं वहिनींनी आम्हाला समजावलं. कंपनीनं दिलेले ७५ घोडे पुष्कळ वर्षांनी एकत्र कामाला आले होते.

उरलेलं काम कायद्यानं केलं. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आलं. २०२२च्या एप्रिलपासून त्याची फी पाच हजार, वर ग्रीन टॅक्स, शिवाय नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. दिल्लीत असतो तर डिझेल गाडी दहा वर्षांतच घरी बसली असती, या विचारानं साहेबांनी फी आनंदानं भरायचं ठरवलं. मग कुणीतरी त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं. कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीत परस्पर फेरफार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक फेरफारामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक' या शब्दावर साहेब अडखळले. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी बोटांवर फेरफार मोजले, दुसऱ्या हातावर गेले आणि उठून सरळ पाना घेतला. डबा आणि उघडा फिल्टर मिस्त्रीकडंच उतरले होते; दोन रविवारांत ईजीआरचा पत्रा आणि मोकळा सायलेन्सरही उतरला. टूटी ऑइल बंद झालं. '९०' तेवढा राहिला. आकड्याला दंड नाही असं त्यांनी चौकशी करून घेतलं. पीयूसीच्या मशीननं धुराचा आकडा दाखवला तेव्हा ते जरा हिरमुसले. धूर इतका कमी पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उतरवलेला माल माळ्यावर गेला आणि आठ दिवसांत राहुरीच्या एका मुलानं येऊन उचललाही. त्याच्याकडं २०१०ची डिझेल स्विफ्ट आहे आणि त्याचे मेहुणे कोपरगावला असतात. टर्बोसाहेबांनी त्याला डबा कसा बसवायचा ते दोन वेळा समजावून सांगितलं. होस तपासून घे, हे सांगायला मात्र विसरले.

तर मंडळी, दारात जुनी डिझेल गाडी असेल आणि तिच्यात दम उरला नाही असं वाटत असेल, तर खर्च या क्रमानं करा. आधी चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेक मोकळे आहेत का बघा. मग टायर आणि त्यातली हवा. मग टर्बोचे होस, दोन्ही फिल्टर आणि क्लच. यातलं सगळं ठीक निघालं आणि तरीही पैसे उरले, तर ते डब्यात घालण्यापेक्षा चांगल्या टायरांत घाला; जुन्या गाडीला पळवण्याआधी वेळेवर थांबवता आलं पाहिजे. डिकी रिकामी करायला तर पैसेही लागत नाहीत. आणि साडूशी शर्यत लावायचीच असेल तर आधी त्याला सांगून लावा.